तबकडीतून पळवलेला टाळ

बसा आधी. चहा हातात घ्या, पण भरलेला पेला मांडीवर ठेवू नका. नंतर सांडलात तर मलाच बोल लावाल. आज मी माझी स्वतःची फजिती सांगणार आहे. दुसऱ्या कुणी सांगायला घेतली असती तर त्याला मी दारातूनच हाकललं असतं. पण फजिती माझी आहे, सांगायचा हक्कही माझाच. आणि मी सांगत असताना मधे कुणी बोलायचं नाही. सरी? म्हणजे, ठीक?

मी लक्ष्मणराव. शिंपी. बेंगळूरच्या बळेपेठेत चाळीस वर्षं मशीन चालवलं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर पाठीत घालायला विसरत नव्हते म्हणून झाली. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आले म्हणतात. आले ते इथलेच झाले. त्यामुळं आमच्या घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडण आलं की दोन्ही.

धंद्यात माझा एकच नियम. गिऱ्हाइकाचं कापड कापलं की उरलेलं कातरण गिऱ्हाइकाच्या हातात. बोटभर चिंधी असली तरी! शिंपी कापड मारतो असं लोक बोलतात ना? माझ्या दुकानात येऊन बोलायची कुणाची छाती नव्हती.

तर झालं असं. दोन हजार साल उजाडायला वर्ष-दीड वर्ष होतं. माझी नात माधवी इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली होती. रोज दोन बस बदलून जायची. आम्हाला ती जागा म्हणजे जवळजवळ तमिळनाडूतलं होसूरच वाटायची. तिथं तिनं मुलगा पसंत केला. पुण्याचा. नाव समीर. माझा मुलगा राजी, सून राजी, आमची ही तर त्याला न बघताच राजी. राहिलो मी. आणि आमच्या घरात मी हो म्हटल्याशिवाय सुपारी फुटत नाही.

माधवीनं मला आधीच बजावलं. "अज्जा, तुम्ही नाही म्हणालात तर मी त्याच्याशी लग्न करणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही."

आता बघा! याला परवानगी मागणं म्हणायचं की धमकी?

एका रविवारी समीर आपल्या आईला घेऊन घरी आला. आई खास पुण्याहून आलेल्या. सुलभाबाई. शाळेत मास्तरीण होत्या. बसल्यासुद्धा अशा, की मलाच पाय सरळ करून बसावंसं वाटलं. समीरच्या हातात एक खोकं होतं. त्यातून त्यानं तबकड्या वाजवायचं यंत्र काढलं, आमच्या टीव्हीला जोडलं आणि म्हणाला, "आजोबा, हे तुमच्यासाठी."

मुलगा बरा दिसला. केस कापलेले, शर्टाची कॉलर नीट बसवलेली. काजं मात्र ढिली. असू दे.

"काय काम करता आपण?" मी विचारलं.

"मला अरे-तुरेच करा, आजोबा. आमची कंपनी अशाच प्लेअरसाठी सॉफ्टवेअर लिहिते. गाणी, सिनेमे बारीक करून डिस्कवर बसवायचे आणि वाजवताना परत उलगडायचे."

"बारीक करून म्हणजे?"

त्यानं एक तबकडी माझ्या हातात दिली. "हे बघा. साध्या सीडीत बारा-पंधरा गाणी मावतात. हिच्यात दीडशे आहेत."

मी तबकडी उलटी केली, सुलटी केली. जाडी तीच, घेर तोच. दीडशे गाणी? माझ्या अंगावर काटा आला.

"अर्धी अर्धी घातलीस काय रे?"

"नाही हो, पूर्ण आहेत."

"मग दाबून?"

"दाबूनच, पण नुसतं दाबून नाही. गाण्यातला जो भाग कानाला ऐकूच येत नाही, तो आम्ही काढून टाकतो. समजा, मृदंगावर जोरात थाप पडली. त्याच क्षणी शेजारी एखादा बारीक आवाज झाला, तर तो आपल्याला कळत नाही. मग तो ठेवायचा कशाला? सिनेमाचंही तसंच. मागची भिंत जागची हलत नाही, तर तीच भिंत प्रत्येक चित्रात नव्यानं कशाला भरायची? एकदा भरायची, बास."

"म्हणजे तू कापतोस."

"हो, एका अर्थी."

"आणि कापलेले तुकडे? ते ज्याचे त्याला परत देतोस?"

पोरगा हसला. खरंच हसला हो! "ते परत कशाला द्यायचे, आजोबा? टाकून देतो."

"त्याला न सांगता?"

"त्याला कळतच नाही! तीच तर गंमत आहे!"

ऐकलंत? मी हातातला पेला बशीत आपटला. चाळीस वर्षांत जेवढे कापडचोर शिंपी बघितले, ते सगळे शब्द न् शब्द हेच बोलायचे. 'गिऱ्हाइकाला कळतच नाही.' आणि हा माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून, आमच्या हीनं केलेली होळगी, म्हणजे पुरणपोळी, खात, तोंड वर करून तेच सांगतोय! आईसमोर! आणि आई कौतुकानं मान हलवतेय!

मी माधवीकडं बघितलं. तीही कौतुकानं मान हलवत होती.

तेवढ्यात त्यानं दुसरा धक्का दिला. "तुमच्या भजनाची कॅसेट माधवीनं मला दिली होती. तीपण यात घातलीय. कॅसेट झिजते, आजोबा. ही झिजणार नाही."

माझी कॅसेट! अहो, ती काय साधी कॅसेट होती? बारा वर्षांपूर्वी रामनवमीला आमच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग झालं होतं. पेटीवर माझा जन्माचा दोस्त गोविंदण्णा, मृदंगावर त्याचा भाऊ आणि टाळावर मी. सगळ्या मंडळाला मिळून एक माईक, आणि मला एकट्याला वेगळा! वेगळी खोलीसुद्धा. देवळाच्या कोठीच्या खोलीत मला मानानं बसवलं होतं. "लक्ष्मण्णा, तुझा टाळ भारी, तो वेगळाच घ्यायला पाहिजे" असं गोविंदण्णा स्वतः म्हणाला होता. बळेपेठेत असा एक माणूस दाखवा, ज्याला मी हे सांगितलं नाही.

"लाव," मी म्हणालो.

त्यानं लावलं. पेटी आली. काय स्वच्छ आली! गोविंदण्णा मांडीला मांडी लावून बसल्यासारखा. मृदंग आला. गाणाऱ्यांचे आवाज आले. मागं कुणीतरी शिंकलं, ती शिंकसुद्धा आली.

टाळ नाही.

मी पुढं वाकलो. यंत्राला कान लावला. एक भजन झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. टाळ नाही!

"माझा टाळ कुठाय?"

"टाळ?" समीर गोंधळला. "जे कॅसेटमध्ये होतं ते सगळं..."

"सगळं? आत्ता तर म्हणालास, मृदंगाची थाप पडली की शेजारचा बारीक आवाज फेकून देतोस! शेजारी कोण होतं? मी होतो! कुणाच्या परवानगीनं कापलास रे माझा टाळ?"

"अज्जा!" माधवी ओरडली.

"तू गप्प बस! शिंक ठेवली आणि टाळ मारला! हा मुलगा चोर आहे. चोराच्या घरी आमची मुलगी जाणार नाही."

आमची ही हातात तुपाची वाटी घेऊन उभी होती, तशीच राहिली. सुलभाबाई मात्र शांतपणे उठल्या. पदर सावरला. पहिलीतल्या पोराकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"लक्ष्मणराव, माझ्या मुलाला चोर म्हणालात. माझी परतीची गाडी बुधवारी आहे. त्याच्या आत एक तर सिद्ध करा, नाही तर शब्द मागे घ्या. दोन्ही जमलं नाही, तर हे लग्न आमच्याकडून मोडलं."

"मंगळवारी सकाळी या!" मी म्हणालो. "देवळात. चार माणसांसमोर सिद्ध करतो!"

सोमवारी मी पेठभर फिरलो. कॉफीच्या हॉटेलात सांगितलं, फुलवाल्याला सांगितलं, न्हाव्याला तर दाढी होईपर्यंत सांगितलं. दुपारी फुलवाला मलाच विचारतो, "पितळेचा होता काय हो, राव? वजनदार होता?" संध्याकाळी आमच्या भागातला पोलीस दारात. त्याच्या वर्दीच्या पँटी मीच शिवायचो. "काय लक्ष्मण्णा, जावयानं लग्नाआधीच टाळ पळवला म्हणे? तक्रार लिहून घेऊ काय?" माझा टाळ मागं खुंटीवर लटकत होता. त्याला काय कप्पाळ सांगायचं? म्हणालो, "टाळ आहे हो, टाळाचा आवाज चोरला!" तो हळूच हिला म्हणाला, "यांना स्वल्प झोपू द्या."

गोविंदण्णाही येऊन गेला. हा माणूस कधी माझ्या पुढं बोलत नाही, पण त्या दिवशी खोकत खोकत बोलला. "सोड की रे लक्ष्मण्णा. मुलगा चांगला आहे. टाळाचं काय एवढं?"

"टाळाचं काय? तुझी पेटी गेली असती म्हणजे कळलं असतं तुला!"

तो परत खोकला आणि निघून गेला. मला वाटलं, म्हातारपणी मऊ पडला.

मंगळवारी सकाळी देवळाची ओसरी भरली. भजन मंडळ झाडून आलं होतं. फुलवाला आला होता. पोलीससुद्धा आला होता, साध्या कपड्यात. माधवीनं एक चादर आडवी बांधली. चादरीमागं एका बाजूला कॅसेटचं यंत्र, दुसऱ्या बाजूला तबकडीचं. ती म्हणाली, "अज्जा, तेच भजन मी दोनदा लावते. एकदा कॅसेट, एकदा तबकडी. आधी कुठली, ते सांगणार नाही. कुठली कुठली, ते तुम्ही ओळखायचं." पोरीचे डोळे रडून सुजलेले होते. मी बघितलं आणि दुसरीकडं बघितलं.

पहिलं लागलं. मी डोळे मिटले. पेटी, मृदंग, गाणारे. टाळ नाही.

"ही तबकडी!" मी मांडीवर थाप मारली. "ऐका सगळे! अख्खा टाळ मारलाय!"

माधवीनं दुसरं लावलं. मी समीरकडं बघून मान ताठ केली. आता ऐक म्हणावं, याला म्हणतात कॅसेट! पेटी आली. मृदंग आला. गाणारे आले. मी थांबलो. आता येईल. पहिला अंतरा झाला. आता येईल. दुसरा झाला. भजन संपलं.

"ही... ही पण तबकडी!" मी ओरडलो. "दोन्ही तबकड्याच लावल्यास! तूसुद्धा त्याला सामील!"

माधवीनं चादर ओढली. पहिल्या यंत्राच्या खिडकीत माझी कॅसेट होती. वर माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं नाव. ज्याला मी चोरीचा माल म्हणालो, ती माझी कॅसेट होती!

तुम्हाला वाटेल, इथं तरी म्हातारा गप्प बसला असेल. छे! गप्प बसलो असतो तर एवढ्यावर निभावलं असतं. मी उभा राहिलो.

"कॅसेटमधूनपण काढून घेतला! अहो, साडीतून ब्लाउजचं कापड कापलं की साडी आखूड होते की नाही? यानं कॅसेटमधून टाळ कापला, म्हणून कॅसेट आखूड झाली!"

समीर पहिल्यांदाच चिडला. "आजोबा, कॅसेट नुसती वाजवून घेतली. वाजवल्यानं आतलं कमी होत नाही!"

"मग गेला कुठं?"

सुलभाबाईंनी पिशवी उचलली. "समीर, चल. या घराशी आपलं जमायचं नाही."

माधवी खांबाला धरून उभी होती. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, आता आवरावं. पण तोंड? तोंड कधी माझं ऐकतं काय?

आणि तेव्हा गोविंदण्णा उठला. खोकला नाही. सरळ माझ्यासमोर आला.

"लक्ष्मण्णा, बस खाली. कॅसेटमध्ये टाळ नव्हताच."

"काय?"

"कधीच नव्हता. तुझ्या माईकची वायर कशालाच जोडली नव्हती. कोठीच्या दाराखालून बाहेर काढली आणि तांदळाच्या पोत्याला गुंडाळून ठेवली. मीच गुंडाळली."

मी हसलो. म्हटलं, थट्टा करतोय. मग मंडळातल्या बाकीच्यांकडं बघितलं. एकजण देवाकडं बघत होता. मृदंगवाला आपल्या पायाचा अंगठा बघत होता. सगळ्यांना ठाऊक होतं! बारा वर्षं!

"का?" एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

"का म्हणजे? तुझा टाळ सरळ चालतच नाही रे! पायमशीन मारल्यासारखा पळतो. भजन अजून पहिल्या ओळीत असतं आणि तुझी शिलाई संपलेली असते! कॅसेट एकदाच व्हायची होती. तुला नको म्हटलं असतं तर तू मंडळ सोडलं असतंस. म्हणून दार लावून बसवला, वेगळा माईक दिला."

"पण मी घरी इतक्या वेळा कॅसेट ऐकली! टाळ ऐकू यायचा!"

तेव्हा आमची ही बोलली. बायकांच्या घोळक्यातून, अगदी शांतपणे. "ऐकू येणारच की. कॅसेट लावली की तुम्ही खुंटीवरचा टाळ काढून वाजवत बसायचात."

अय्यो! मी मटकन खाली बसलो. पोलीस तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. फुलवाल्याला तेवढीसुद्धा लाज नव्हती, तो तिथंच हसला.

डोळ्यांपुढं ती कोठी आली. मी तांदळाच्या पोत्यांमध्ये, दार बंद, अंगात नवा सदरा, समोर माईक. घाम पुसत तासभर वाजवतोय. कुणासाठी? उंदरांसाठी!

समीर माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं, आता हा सूड घेणार. मी घेतला असता. पण तो म्हणाला, "आजोबा, नसलेला आवाज मला कापता येत नाही हो. पाहिजे तर तुमचा टाळ नव्यानं रेकॉर्ड करून देतो. या वेळी वायर मी स्वतः जोडीन."

मी उठलो आणि सुलभाबाईंसमोर उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही. चाळीस वर्षांत एकदाच मागितली होती, तीसुद्धा चुकीच्या गिऱ्हाइकाची.

"बाई, शब्द मागे घेतो," मी म्हणालो. "मुलगा मात्र परत देणार नाही."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या, की मास्तरीण कुठल्या कुठं गेली. माधवी खांब सोडून माझ्या गळ्यात पडली. गोविंदण्णाशी मात्र मी आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी दुसऱ्या कुणाशी भांडायला मिळालं नाही, म्हणून बोललो.

महिन्याभरात साखरपुडा झाला. भजन ठेवलं होतं. मी टाळ घेऊन सगळ्यांच्या मधे बसलो. माईकची वायर थेट यंत्रापर्यंत हातानं चाचपत गेलो, जोडलेली बघितली, मगच टाळ हातात घेतला. समीरच्या मित्रानं सगळ्याचा व्हिडिओ काढला. पुढच्या रविवारी समीर तबकड्या घेऊन आला. एक नाही, दोन. म्हणाला, "चित्र आणि आवाज दोन्ही असले की एका डिस्कवर तासाभराचंच मावतं, आजोबा." मी मान हलवली. मला आता कळायला लागलं होतं ना!

सगळे टीव्हीपुढं बसले. सुलभाबाई, गोविंदण्णा, मंडळ, शेजारी. पडद्यावर पाहुणे जेवत होते, बायका माधवीची ओटी भरत होत्या, आणि मागं भजन चाललेलं. पेटी गोड, मृदंग गोड. पण मधेच कुणीतरी काहीतरी बडवत होतं. भजन इकडं, तो तिकडं. दमछाक झालेल्या घोड्यासारखा पुढं पळायचा, थांबायचा, परत पळायचा. पहिली दोन मिनिटं मी सहन केलं. मग माझं डोकं फिरलं. शुभकार्यात असं?

"समीर!" मी ओरडलो. "कोण रे हा गाढव? याला साधा ताल कळत नाही? माझ्या नातीच्या साखरपुड्यात याला बोलावलं कुणी?"

गोविंदण्णाला परत खोकला लागला. तेवढ्यात पडद्यावर कॅमेरा जेवणाऱ्यांवरून हळूहळू सरकत भजनाकडं वळला. पेटी दिसली, मृदंग दिसला. आणि बरोब्बर मधे, डोळे मिटून, मान डोलवत...

आमच्या हीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ओळखलं नाहीत काय?" ती म्हणाली. "तुम्हीच की हो ते."